पहिले लिनक्स कोणते घ्यावे?

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा नेहमीचा पाठिंबा थांबवला. वाढीव मुदतीसाठी नाव नोंदवलेल्या घरगुती ग्राहकांना सुरक्षेच्या सुधारणा ऑक्टोबर २०२६पर्यंत मिळतात. बाकीच्यांचा संगणक चालू राहतो, पण नव्याने सापडणाऱ्या फटी बुजवल्या जात नाहीत. विंडोज ११ टाकायचे तर टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप हवी आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर हवा. २०१७च्या आधी घेतलेला लॅपटॉप या अटींत बहुधा बसत नाही. कीबोर्ड, स्क्रीन, प्रोसेसर सगळे ठणठणीत असलेले यंत्र केवळ कार्यप्रणालीपायी भंगारात काढण्याची वेळ त्यामुळे येते.

वसईच्या पश्चिम पट्ट्यात, सांडोर, पापडी, गिरीज, भुईगाव या बाजूला, अशी यंत्रे सहज सापडतील. कोणी मुलाच्या कॉलेजप्रवेशाच्या वेळी नवा लॅपटॉप घेतलेला असतो, तर कोणी टाळेबंदीतल्या ऑनलाइन वर्गांसाठी ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवरून जुना आणलेला असतो. या जुन्यांत एखाद्या कंपनीने वापरून काढलेला डेल लॅटिट्यूड किंवा लेनोव्हो थिंकपॅड असेल, तर तो लिनक्ससाठी उत्तम समजावा. अशा लॅपटॉपचे सुटे भाग प्रचलित बनावटीचे असतात आणि त्यांचे ड्रायव्हर लिनक्समध्ये आधीपासूनच असतात. दुकानात मात्र ‘फॉरमॅट मारून विंडोज टाकून देतो’ एवढाच पर्याय पुढे येतो, आणि टाकलेली प्रत कित्येकदा क्रॅक केलेली असते. क्रॅकबरोबर आणखी काय आत आले, हे ग्राहकाला कळायला मार्ग नसतो. लिनक्स फुकट आहे, कायदेशीर आहे आणि त्याच्या सुधारणा वर्षानुवर्षे मिळत राहतात. अडचण येते ती निवडीत, कारण लिनक्स एकच नाही.

लिनस टोरवाल्ड्सने १९९१ साली लिहायला घेतले ते लिनक्सचे कर्नेल, म्हणजे यंत्राचे भाग आणि प्रोग्राम यांच्यामधला गाभा. अँड्रॉइड फोनमध्येही हेच कर्नेल आहे, त्यामुळे लिनक्स कधी हाताळलेच नाही असा माणूस आज विरळा. संगणकावर काम करायला या गाभ्याभोवती मेनू, खिडक्या, फाइल पाहण्याची सोय, ब्राउझर, ऑफिसचे प्रोग्राम आणि नवे प्रोग्राम बसवण्याची यंत्रणा लागते. ही सगळी जुळणी करून जे तयार होते त्याला डिस्ट्रिब्यूशन, बोलताना डिस्ट्रो, म्हणतात. शेकडो डिस्ट्रो आहेत. नवख्याने शेकडो पाहण्याची गरज नाही. पण एकही पाहण्याआधी स्वतःच्या कामाची यादी करावी, कारण कोणते लिनक्स हा प्रश्न लिनक्स चालेल का या प्रश्नानंतरचा आहे.

ब्राउझरमध्ये होणारे काम लिनक्सवर जसेच्या तसे होते. बँक, रेल्वेचे तिकीट, प्रवेशाचे अर्ज, यूट्यूब, ईमेल, व्हॉट्सॲप वेब यांत फरक पडत नाही. क्रोम आणि फायरफॉक्स दोन्ही मिळतात. आखातात नोकरीला असलेल्या मुलाशी झूमवर बोलायचे तर झूमची लिनक्ससाठी वेगळी आवृत्ती आहे. पत्रे, हिशेबाचे तक्ते आणि सादरीकरणे यांसाठी लिब्रेऑफिस बहुतेक डिस्ट्रोंमध्ये आधीच बसवलेले असते. वर्ड आणि एक्सेलच्या साध्या फाइली त्यात नीट उघडतात. मॅक्रो लिहिलेली किंवा मांडणी फार गुंतागुंतीची असलेली फाइल मात्र विस्कटू शकते.

जिथे लिनक्स अडते त्या जागा ठरलेल्या आहेत. टॅलीप्राइम विंडोजसाठीच बनते, म्हणून दुकानाचा हिशेब टॅलीवर असेल तर त्या यंत्राला हात लावू नये. फोटोशॉप, कोरलड्रॉ, ऑटोकॅड यांच्याही लिनक्ससाठी आवृत्त्या नाहीत. व्हॅलोरंटसारखे काही ऑनलाइन खेळ चालत नाहीत. सेवा केंद्रात बोटांचे ठसे घेणारे उपकरण किंवा डिजिटल सहीचे टोकन वापरात असेल, तर त्या नेमक्या मॉडेलचा लिनक्स ड्रायव्हर आहे का ते आधी पाहावे लागते. प्रिंटरचीही अशीच चौकशी करावी. एचपीचे बरेचसे प्रिंटर आणि एप्सनचे शाईच्या टाकीचे एल मालिकेतले प्रिंटर बहुधा जोडताच चालू होतात. झेरॉक्सच्या दुकानांत आणि छोट्या कार्यालयांत वर्षानुवर्षे राबणारा कॅननचा एलबीपी २९०० मात्र लिनक्सवर हट्टी आहे. त्याचा ड्रायव्हर जुना आहे, बसवायला किचकट आहे, आणि बसला तरी मधेच थांबतो. नवख्याने पहिल्याच आठवड्यात त्याच्याशी झुंजू नये.

मराठी माणसाची खास अडचण या सगळ्यांपेक्षा मोठी आहे, ती फॉन्टची. सगळ्या संगणकांवर सारखीच चालणारी युनिकोड ही अक्षरसंकेतांची पद्धत रुळण्याआधी मराठी डीटीपी श्रीलिपीवर, सी-डॅक या सरकारी संस्थेच्या आयएसएमवर आणि तशाच इतर पद्धतींवर वाढले. श्रीलिपी ही पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची. या जुन्या पद्धतींत फाइलमध्ये साठवलेली चिन्हे बऱ्याचदा रोमन अक्षरांच्या संकेतांची असतात आणि फॉन्ट त्यांना देवनागरीचे रूप देतो. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की स्क्रीनवर इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. चर्चचे पत्रक, मंडळाची स्मरणिका, पतपेढीचा अहवाल असा वीस-पंचवीस वर्षांचा मजकूर याच रूपात पडून आहे. लिनक्समध्ये तो फॉन्ट बसवला तर मजकूर वाचता येतो, पण त्या पद्धतीने टाइप करून देणारा प्रोग्राम विंडोजचाच असतो. म्हणून ज्याचे पोट अशा डीटीपीवर आहे त्याने एक विंडोज यंत्र राखावे. ज्याच्याकडे फक्त जुन्या फाइली आहेत त्याने लिनक्सकडे वळण्याआधी त्या युनिकोडमध्ये बदलून घ्याव्यात. हे काम लिनक्स घेतले नाही तरी करायला हवे, कारण अशा फॉन्टमधला मजकूर शोधता येत नाही, आणि तो फॉन्ट हरवला तर मजकूरही हरवल्यासारखा होतो.

युनिकोड मराठीच्या बाबतीत लिनक्स सरस आहे, आणि हे फारसे कोणाला माहीत नसते. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये भारतीय लेआउटांखाली मराठीचा इनस्क्रिप्ट असतो आणि उच्चारानुसार चालणारा कगप हा प्रकारही असतो. इनस्क्रिप्ट शिकलेल्याला नवीन काही शिकावे लागत नाही, विंडोजवरच्याच कळा इथेही चालतात. आयबस आणि एम१७एन ही दोन पॅकेजे बसवली की आणखी पर्याय उघडतात. टायपिंग क्लासमध्ये टंकलेखन यंत्राच्या पद्धतीने शिकलेल्यांसाठी रेमिंग्टन आहे, रोमन अक्षरांतून मराठी उमटवणाऱ्यांसाठी आयट्रान्स आहे, आणि मराठी संकेतस्थळांवर ज्यांचे हात घडले त्यांच्यासाठी चक्क ‘गमभन’ आहे. इंग्रजीतून मराठीत जायला एक कळ पुरते. या सगळ्याला इंटरनेट लागत नाही, ही मोठी सोय. पावसाळ्यात वसईत वीज आणि नेट एकदमच गेले तरी बॅटरीवर मराठी लिहिता येते.

अक्षरे दिसण्याचाही प्रश्न उरलेला नाही. रेड हॅटने मोकळे केलेले लोहित, गूगलचे नोटो आणि मुंबईच्या एक टाइपने घडवलेले मुक्त परवान्याचे मुक्ता हे फॉन्ट सहज मिळतात. ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ नीट जुळतात. मजकुराची भाषा मराठी ठरवली तर नोटोसारख्या फॉन्टमध्ये ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे येतात, हिंदी वळणाचे राहत नाहीत. मेनूची भाषा मात्र सुरुवातीला इंग्रजी ठेवलेली बरी. मराठी भाषांतरे अजून अर्धवट आहेत, आणि मदतीच्या सूचनांमध्ये बटणांची नावे इंग्रजीतच असतात.

काम लिनक्सवर निभते असे ठरले की यंत्राकडे वळावे. पाहायचे दोनच आकडे, रॅम आणि डिस्क. आठ जीबी रॅम असेल तर कोणतेही प्रचलित डिस्ट्रो आरामात चालते. चार जीबी असेल तर हलका डेस्कटॉप निवडावा. दोन जीबीवर लिनक्स चालू होते, पण आजचा ब्राउझर चार टॅबमध्येच ती रॅम संपवतो, आणि दोष लिनक्सला दिला जातो. हार्डडिस्क फिरणारी असेल तर ती काढून साटा एसएसडी बसवावी. जुन्या लॅपटॉपचा वेग कशानेही इतका बदलत नाही, नवे डिस्ट्रो टाकूनही नाही. फार जुन्या ३२-बिट यंत्रांसाठी अँटीएक्ससारखे मोजकेच पर्याय उरले आहेत, कारण उबुंटू, मिंट आणि २०२५मध्ये आलेले डेबियन १३ यांनी अशा यंत्रांवरची प्रतिष्ठापना सोडून दिली आहे.

आता नावे. विंडोजवरून येणाऱ्या घरासाठी पहिली शिफारस लिनक्स मिंटची. २००६पासून चालत आलेले हे डिस्ट्रो उबुंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीवर उभे आहे. त्याच्या सिनॅमन डेस्कटॉपवर मेनू डावीकडे खाली, चालू खिडक्या तळच्या पट्टीवर आणि घड्याळ उजव्या कोपऱ्यात असते. विंडोज ७ वापरलेल्या आजोबांचा हात बरोबर जागेवर जातो. चार जीबीच्या यंत्रासाठी त्याचीच एक्सएफसीई आवृत्ती घ्यावी. दिसायला ती साधी आहे, पण हलकी आहे. मिंटने स्वतः दिलेली किमान गरज दोन जीबी रॅम आणि वीस जीबी डिस्क अशी आहे, पण सुखाने काम करायला चार जीबी आणि शंभर जीबी धरावेत. वाय-फाय किंवा ग्राफिक्सचा जास्तीचा ड्रायव्हर लागत असेल तर मिंटचा ड्रायव्हर मॅनेजर तो शोधून देतो. नवख्याला जे सगळ्यांत घाबरवते, म्हणजे काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करणे, ते मिंटमध्ये रोजच्या कामासाठी लागत नाही.

उबुंटू २००४ साली आले आणि ‘लिनक्स’ म्हटल्यावर बहुतेकांना तेच आठवते. २०११पर्यंत त्याच्या सीडी जगभर फुकट टपालाने येत आणि आपल्याकडच्या अनेक विद्यार्थ्यांची लिनक्सशी पहिली ओळख त्या पाकिटातून झाली. त्याचा डेस्कटॉप विंडोजपेक्षा वेगळ्या घडणीचा आहे. शिकणाऱ्या तरुणाला तो आवडतो, घरातल्या वडीलधाऱ्यांना आधी गोंधळवतो, आणि यंत्रही जरा दमदार लागते. झोरिन ओएस हे आयर्लंडमधल्या दोन भावांचे डिस्ट्रो. त्याची अठरावी आवृत्ती विंडोज १०चा पाठिंबा संपला त्याच दिवशी आली. दिसायला ते सर्वांत देखणे आहे, आणि डेस्कटॉपची मांडणी एका क्लिकने विंडोजसारखी करता येते. मिंट जुनाट वाटत असेल तर झोरिन घ्यावे. त्याची फुकट असलेली ‘कोअर’ आवृत्ती घराला पुरते, पैसे देऊन ‘प्रो’ घेण्याची गरज नाही.

फेडोरा चांगले आहे, पण त्याची प्रत्येक आवृत्ती साधारण तेरा महिनेच चालते, आणि दरवर्षी मोठा बदल करणे नवख्याला जाचते. आर्च हे शिकण्यासाठी आहे, पहिल्या दिवसासाठी नाही. सी-डॅकचे बॉस हे डेबियनवर आधारलेले देशी डिस्ट्रो. २००७पासून ते आहे आणि भारतीय भाषांची सोय हा त्याचा मूळ हेतू. सरकारी कार्यालयांसाठी ते योग्य असले तरी घरच्या वापरात एखादी गोष्ट अडली की मिंट-उबुंटूइतकी उत्तरे त्यासाठी सापडत नाहीत, म्हणून पहिली पसंती त्याला देता येत नाही.

कालीबद्दल मात्र स्पष्ट सांगायला हवे, कारण कॉलेजातली मुले हमखास तिकडेच वळतात. हॅकिंगचे व्हिडिओ पाहून काली लिनक्स टाकले जाते, मग त्यात आवाज येत नाही, प्रिंटर चालत नाही आणि अभ्यास बाजूला राहतो. काली हे सुरक्षा तपासणाऱ्या व्यावसायिकांचे हत्यार आहे आणि नवख्यांनी ते रोजच्या वापरासाठी घेऊ नये असे त्याचे निर्मातेच सांगतात. सायबर सुरक्षा शिकायची असेल तरी आधी वर्षभर मिंट किंवा उबुंटू वापरावे. फाइलींचे अधिकार, नेटवर्क, प्रोसेस या गोष्टी तिथेही तशाच शिकता येतात. काली पुढे आभासी यंत्रात टाकता येते.

दोन डिस्ट्रो सारखीच पटली तर जे आपल्या ओळखीतले कोणी वापरते ते निवडावे. कोणत्याही तुलनेच्या तक्त्यात हा निकष नसतो, पण नवख्याला तोच तारतो. सांडोरमधला भाचा उबुंटू वापरत असेल तर मामाने उबुंटूच घ्यावे. रविवारी दहा मिनिटे शेजारी बसून मिळालेली मदत इंटरनेटवरच्या चार तासांच्या शोधाइतकी असते. तशी ओळख नसेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पाचे धडे आहेत. लिनक्स, लिब्रेऑफिस, जिंप अशा विषयांवरचे छोटे दृकश्राव्य पाठ तिथे विनामूल्य मिळतात आणि त्यांतले पुष्कळ मराठीत आहेत. स्क्रीनच्या अर्ध्या भागात धडा चालू ठेवून उरलेल्या अर्ध्यात तेच करून पाहायचे, अशी त्यांची रचना आहे.

लिनक्स हे फक्त इंजिनिअरांचे, हा समज महाराष्ट्रातच खोटा ठरलेला आहे. रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैराट या वाडीत २००७ साली ‘मुलामागे एक लॅपटॉप’ या प्रकल्पाची यंत्रे आली. एकशिक्षकी मराठी शाळेतल्या त्या मुलांच्या हातात आयुष्यातला पहिला संगणक आला तो फेडोरावर आधारलेल्या लिनक्सचा. विंडोज त्यांनी पाहिलेलेच नव्हते, त्यामुळे ‘हे वेगळे आहे’ असे म्हणायचा प्रश्नच आला नाही. देशभरच्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांत खटल्यांची नोंद ठेवणारी सीआयएस प्रणाली केंद्र सरकारच्या एनआयसी या संस्थेच्या पुणे केंद्रात मुक्त सॉफ्टवेअरवर तयार झाली, आणि ई-कोर्ट प्रकल्पात न्यायालयांच्या संगणकांवर उबुंटू आले. न्यायाधीशांना आणि कर्मचाऱ्यांना त्याचे प्रशिक्षण दिले गेले. त्यांतल्या बहुतेकांचा संगणकशास्त्राशी संबंध नव्हता.

निवड पक्की करण्याआधी चाचणी घ्यावी, आणि ती फुकट होते. डिस्ट्रोच्या अधिकृत संकेतस्थळावरून त्याची आयएसओ फाइल उतरवायची आणि रूफस किंवा बॅलेना एचर या प्रोग्रामने आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर चढवायची. पेनड्राइव्हवरचे आधीचे सगळे पुसले जाते, हे लक्षात ठेवावे. मग संगणक बंद करून चालू करताना बूट मेनूची कळ दाबायची: डेल आणि लेनोव्होवर सहसा एफ१२, एचपीवर एस्केप किंवा एफ९. लिनक्स पेनड्राइव्हवरूनच सुरू होते आणि डिस्कवरच्या विंडोजला धक्का लागत नाही. या अवस्थेत वाय-फाय जोडून पाहावे, आवाज, कॅमेरा, टचपॅड आणि ब्राइटनेसच्या कळा तपासाव्यात, झाकण बंद करून उघडल्यावर यंत्र जागे होते का ते पाहावे, आणि प्रिंटर जोडून एक पान छापावे. वेगावरून मत बनवू नये, पेनड्राइव्ह डिस्कपेक्षा संथच असतो. वाय-फाय चालले नाही तर फोन यूएसबीने जोडून नेट द्यावे आणि ड्रायव्हर मॅनेजर उघडून पाहावा. तरीही जमले नाही तर दुसरे डिस्ट्रो घ्यावे. दोन-तीन डिस्ट्रो अशी पारखायला एक संध्याकाळ पुरते.

डिस्कवर बसवण्याआधी बॅकअप अनिवार्य आहे. फोटो, दाखले, पावत्या, हिशेब सगळे बाहेरच्या डिस्कवर उतरवावे आणि ते तिथून उघडते का तेही पाहावे. ती डिस्क घरात उंचावर ठेवावी. जुलै २०१८च्या पावसात वसई-विरारमध्ये किती घरांत पाणी शिरले ते इथल्या लोकांना सांगायला नको. विंडोजमध्ये डिस्क कुलूपबंद करणारे बिटलॉकर चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून घ्यावी आणि फास्ट स्टार्टअप बंद करावे. त्यानंतर दोन वाटा आहेत. एक, दोन्ही कार्यप्रणाल्या शेजारी-शेजारी ठेवणे, म्हणजे ड्युअल बूट. अधूनमधून लागणारा विंडोजचा एखादा प्रोग्राम किंवा जुना प्रिंटर अडवत असेल तर ही वाट घ्यावी. दुसरी, डिस्क पूर्ण पुसून एकटे लिनक्स बसवणे. ही वाट सोपी आहे, आणि पाठिंबा संपलेल्या विंडोजसाठी जास्त सुरक्षित. प्रतिष्ठापनेला अर्धा-पाऊण तास लागतो, तोवर चार्जर लावून ठेवावा. मधेच वीज जाऊन बॅटरी संपली तर सगळे पहिल्यापासून करावे लागते.

बसवून झाल्यावर पहिल्याच दिवशी तीन कामे उरकावीत. अपडेट मॅनेजर उघडून सगळ्या सुधारणा घ्याव्यात. मराठी कीबोर्ड जोडावा. आणि टाइमशिफ्ट चालू करावे. हा प्रोग्राम प्रणालीची अवस्था ठरावीक दिवसांनी टिपून ठेवतो, त्यामुळे एखाद्या बदलाने बिघाड झाला तर आधीच्या दिवसावर परत जाता येते. फोटो आणि कागदपत्रांचा बॅकअप मात्र त्यात धरलेला नसतो, तो वेगळा घ्यावाच लागतो. नवे प्रोग्राम सॉफ्टवेअर मॅनेजरमधूनच घ्यावेत. कुठल्या तरी संकेतस्थळावरून एक्झी फाइल आणून बसवायची विंडोजची सवय इथे उपयोगी नाही. मिंटच्या २२व्या मालिकेला २०२९पर्यंत सुधारणा मिळणार आहेत. मधे नवी मालिका आली तरी चालू असलेली प्रणाली बदलण्याची सक्ती होत नाही, आणि बदलायचीच झाली तर डिस्क न पुसता ती वरच्या आवृत्तीवर नेण्याचे साधन मिंट स्वतः देते.